बरी असते तेव्हा

माझ्या आईच्या आजाराचा एकदा जाहीर सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचं भाषण, सगळं यथासांग. मिल बंद पडल्यावर या बाईनं घर कसं सावरलं, पहाटे उठून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला कसा केला, सायकलला पिशव्या लटकावून तो घरोघरी कसा पोचवला, हे बाईंनी इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या रांगेतल्या एकीनं पदर डोळ्यांना लावला. मग आई बोलायला उभी राहिली आणि थांबेचना. मसाल्यावरून ती सोयाबीनवर गेली, सोयाबीनवरून बायकांच्या कारखान्यावर आणि तिथून थेट दुबईला माल पाठवण्यावर. बायका हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. चहाच्या वेळी "काय उत्साह आहे हो तुमचा!" म्हणत तिच्याभोवती गर्दी झाली. बाबा मागच्या खुर्चीत बसले होते, आणि कित्येक महिन्यांनी त्यांची मान ताठ दिसत होती.

त्या भाषणातला 'कर्तबगार' हा शब्द मला आता सहन होत नाही. कोणी माझ्याबद्दल वापरला तर मी तोंडावर सांगते, दुसरं काहीतरी म्हणा. लोकांना तो माझा विनय वाटतो. विनयबिनय काही नाही, राग आहे.

आम्ही इंदूरचे मराठी. पणजोबा संस्थानाच्या काळात कारकुनी करायला आले, आजोबा आणि बाबा मिलमध्ये चिकटले. बाबा टाइम ऑफिसात होते, म्हणजे हजेरीच्या खात्यात. भोंगा झाला की कामगार फाटकातून आत यायचे ते बाबांच्या नजरेखालून. आजारी पडलेला माणूस मिलच्या दवाखान्यातून 'फिट' असा शेरा घेऊन आला की बाबा त्याला कामावर घ्यायचे. त्यांच्या जगात माणसांचे दोनच प्रकार होते. उभा आहे, कामाला लागला आहे, तो फिट. पडून आहे तो अनफिट. जन्मभर त्यांनी हेच केलं आणि घरी आईलाही याच मापानं मोजलं. त्यात दुष्टपणा काही नव्हता. आमच्या ओळीतल्या कुठल्याही घरात हेच झालं असतं, कारण सगळीच घरं मिलची होती.

आईचं पडून राहणं आम्हांला नवीन नव्हतं. माझ्या जन्मानंतर ती काही महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती, असं मामी सांगायची. पुढे मी चौथीत असताना एकदा, दहावीत असताना एकदा. केस विंचरायची नाही, आंघोळ नाही, काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा उठून जायचा. मग कधीतरी आपोआप उठायची. मधली वर्षं साधी गेली असणार. 'असणार' म्हणते, कारण साधे दिवस कोणाच्या लक्षात राहतात?

मी कॉलेजात गेले त्या सुमारास मिल बंद झाली. एकदम नाही. आधी एक खातं बंद, मग पगार लांबला, मग 'अगले महिने चालू हो जाएगी', आणि शेवटी फाटकाला कुलूप. आजूबाजूच्या मिलांचंही तेच चाललं होतं. बाकी शहर मात्र नटायला लागलं होतं. चौकाचौकांत एसटीडीचे बूथ, घरोघरी केबल, दुकानांत चमकदार पुड्यांतले मसाले. आमच्या ओळीत सकाळी सगळे पुरुष बनियनवर ओट्यावर बसलेले दिसायचे. भोंगा वाजत नव्हता, त्यामुळे उठून कुठे जायचं हे कोणाला सुचत नव्हतं. बाबाही त्यांच्यातच.

आणि नेमकी त्याच वेळी आई उठली. अशी उठली की सगळी ओळ बघत राहिली. अंधार असतानाच तिच्या कढईचा आवाज सुरू व्हायचा. भाजणीचा वास चार घरं पलीकडे जायचा आणि त्याबरोबर तिचं गाणंही. "आई, जरा झोप की," म्हटलं तर म्हणायची, "झोपून काय करायचं? फालतूमध्ये टाइम वेस्ट. तू ती मोठीवाली कढाई काढ बरं." शेजारची काकी कौतुकानं म्हणायची, "भाभीजी तो मशीन है, मशीन!" आईला ते आवडायचं. मलाही ती तशी आवडायची, खोटं कशाला सांगू? ती मला जवळ ओढायची, माझ्या केसांत अबोली माळायची, माझ्या मैत्रिणींना नावं ठेवून आम्हांला खोखो हसवायची. हां, कोणी 'जरा बस' म्हटलं की मात्र भडकायची. एकदा बाबा पोह्यांत मीठ कमी आहे म्हणाले तर बशी अंगणात गेली. पण मिल बंद झालेल्या घरात कोणाचा आवाज चढत नव्हता? तेही आम्ही कामाच्या ताणात धरलं.

सत्कार झाला तो याच दिवसांत. त्यानंतर पंधरवड्यात आई पडली. मसाल्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, बायका निरोप पाठवतायत, आणि ही भिंतीकडे तोंड करून. "थकली हो बिचारी, किती केलं!" असं सगळे म्हणाले. बाबांनी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, दोनचार प्रश्न विचारले आणि उदासीवरची एक गोळी दिली. मी त्यांना फार दोष देत नाही. त्यांनी तिला जेव्हा बघितलं तेव्हा पडलेलीच बघितलं. वर असताना तिला डॉक्टरांकडे कोण नेणार? हसणाऱ्या, राबणाऱ्या बाईला कोणी दवाखान्यात नेतं का?

गोळीनं आई उठली. फारच लवकर उठली. बाबांना केवढा आनंद झाला! त्यांनी त्या गोळीचं नावच पाडलं, उठवायची गोळी. आई पडली की ते ती सुरू करायचे आणि उठली की बंद करायचे. पंप बिघडला की मिस्त्रीला बोलवायचं, चालू झाला की मिस्त्री आपल्या घरी, तितकं ते साधं होतं. गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असायची आणि संपत आली की बाबा स्वतः जाऊन आणायचे. मिल सुटल्यापासून हे एक काम ते न चुकता करत होते.

पूर्वी दोन पडण्यांच्या मध्ये वर्षं जायची. आता गणपतीत आई वर, दिवाळीत खाली. संक्रांतीला वर, होळीला खाली. रंगपंचमीला सगळं इंदूर रस्त्यावर आणि आमच्या घराचं दार लोटलेलं. पुढे पुढे सणही पुरेनात. मधली उसंत संपत चालली होती. आई वर असली की आम्ही खाली येण्याच्या आत मसाला करून घ्यायच्या घाईत, आणि खाली असली की उठवायच्या घाईत. घर तिच्या कमाईवर चाललं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तिचे ते चढलेले दिवस आम्हांला हवे होते. तेच तिचे खरे दिवस आणि पडलेले दिवस तेवढे आजाराचे, असा आमचा हिशेब होता.

हा हिशेब मोडला आमच्या इंदूरच्या लालबागेत. तिथल्या मैदानावर जत्रा भरणार होती आणि चढत्या दिवसांत आईनं त्यात स्टॉल घेऊन टाकला. पुरणपोळी, थालीपीठ, शिवाय मसाले. गहू दुकानातून कशाला घ्यायचा म्हणून ती बसनं एकटी जवळच्या सांवेर गावाला गेली आणि संध्याकाळी कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर, ट्रॉलीत गव्हाची पोती टाकून परत आली. "भिया, इथेच उतरवा, अपनाच घर आहे," असं ओरडत ती खाली उतरली तेव्हा ओळीतली पोरं टाळ्या पिटत होती. मीही हसले. पोती कुठे ठेवायची हेही तिनं ठरवलेलं नव्हतं.

जत्रेत पहिल्या दिवशी तिनं धमाल केली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना हाका मारून खिलवलं, पैसे नकोत म्हणाली, मग शेजारच्या स्टॉलवाल्याशी जागेवरून कडाकडा भांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोळी लाटता लाटता एका गिऱ्हाइकाशी हसत होती, आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसणं थांबेना, रडणंही थांबेना. हात मात्र लाटतच होते. गिऱ्हाईक गोंधळून निघून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्टॉलच्या टेबलामागे खाली जाऊन बसली, पडद्याच्या आड, पिठाच्या डब्याला टेकून. समोर लोक उभे. बाबा घाईघाईनं घरी जाऊन कोनाड्यातली गोळी घेऊन आले. पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाले, "घे. उठ बरं. गिऱ्हाईक उभं आहे."

आईनं गोळी घेतली नाही. ती बाबांकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला उठवू नका हो. उठले की मी थांबत नाही. पार वर जाते आणि मग तिथून पडते. आता मला ना वर राहायचंय, ना खाली. कुठेच राहायचं नाहीये."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटलेली मी पाहिली. मिलला कुलूप लागलं तेव्हाही ते असे दिसले नव्हते. त्यांनी स्टॉल तसाच टाकला आणि आईला रिक्षात घालून सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं. पोळ्या तव्यावर जळत राहिल्या, त्या मी खाली उतरवल्या आणि पडदा ओढून त्यांच्या मागे गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई हिंदी बोलणाऱ्या, वयानं आईपेक्षा लहान. त्यांनी पडण्याबद्दल विचारलं, ते बाबांनी सांगितलं. झोप, भूक, मरणाचे विचार, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "और जब ठीक रहती हैं, तब कैसी रहती हैं?"

बाबा खुलले. "अरे मैडम, ठीक हो तब तो पूछिए मत! चार बजे उठ जाती है. दस औरतों का काम अकेली. गाना, बजाना, हिसाब-किताब. नींद की तो ज़रूरत ही नहीं." सत्कारात बाईंनी सांगितलं होतं तेच सगळं, त्याच अभिमानानं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "काकाजी, ये ठीक होना नहीं है. ये भी वही बीमारी है, उसका दूसरा सिरा. आप मुझे बीच के दिन बताइए. उठीं, खाना बनाया, थोड़ा टीवी देखा, सो गईं. ऐसे दिन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आठवत राहिले. गेल्या वर्षभरातला असा एक दिवस मला सापडेना, ज्या दिवशी आई नुसती आई होती. मग आईच म्हणाली, "बीच में तो मैं होती ही नहीं."

त्या दिवशी आम्हांला त्या आजाराचं नाव कळलं, आणि त्याच्या या प्रकाराचंही. वर्षात चार किंवा जास्त वेळा माणूस असा पार वर किंवा पार खाली जातो, तेव्हा त्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात. मला वाटलं होतं, घटकेत हसू, घटकेत आसू म्हणजे हा आजार. त्या म्हणाल्या, तसं तर कोणाचंही होतं. यात एकेक फेरी दिवसांची, आठवड्यांची असते आणि ती माणसाला आतून झिजवते. पुष्कळदा हे कायमचं नसतं, फेऱ्या पुन्हा विरळ होऊ शकतात. काही लोकांत नुसती उदासीवरची गोळी दिली तर फेऱ्या आणखी जवळ येतात, म्हणून ती त्यांच्या देखरेखीखाली बंद करायची. थायरॉइडची तपासणी करायची. हे चढ-उतार आवरणारं लिथियम सुरू करायचं, त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासायचं, पाणी भरपूर, मीठ मनानं कमीजास्त करायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही.

बाबा हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. दवाखान्याबाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हणजे शिफ्टवर शिफ्ट चालली होती तिची. मध्ये छुट्टीच नाही. आणि मी तिला परत परत ड्यूटीवर लावत होतो." आमच्या मागे आई सावकाश चालत येत होती. बाबा थांबले आणि तिच्या चालीनं चालायला लागले.

आई बरी झाली. लगेच नाही, वर्ष सव्वा वर्ष गेलं. फेऱ्या विरळ झाल्या, चढ कमी झाले, उतार कमी झाले, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत लक्षात ठेवण्यासारखं काही घडलेलं नाही. मसाल्याचा धंदा बंद झाला. चमकदार पुड्यांनी तो तसाही खाल्लाच असता. बाबांना पोलोग्राउंडला एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहायची नोकरी लागली. लिथियममुळे आईचे हात थोडे थरथरायचे, चहाच्या कपाची बशी वाजायची. वजन वाढलं. गाणं थांबलं. लोकांना ती आता आवडेनाशी झाली होती. "पूर्वी कशा होत्या नाही, आणि आता बघा," असं तिच्या समोर म्हणायचे. पूर्वी म्हणजे कधी, असं मी एकदा एका बाईंना विचारलं आणि त्यांनी आमच्याकडे येणं सोडलं. बरं झालं.

मग माझं लग्न ठरलं, पुण्याचं स्थळ. घरात पाहुणे जमले आणि मामीनं बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. "एक महिना गोळी बंद ठेवा की. मुलीच्या लग्नात आई अशी बसून राहिली तर बरं दिसतं का? त्या कशा होत्या, दहा माणसांचं काम उचलायच्या." बाबा काही बोलायच्या आत दारातून आईचा आवाज आला. "वहिनी, गोळी बंद नाही होणार." एवढंच म्हणून ती आत निघून गेली. मला तिचा अभिमान वाटला, आणि धाकधूकही. लग्न म्हणजे आनंदाचा चढ, जागरणं, गडबड. डॉक्टरीणबाईंनी झोप सांभाळायला बजावलं होतं.

आईनं ती झोप सांभाळली. ग्रहमखाच्या दिवशी पाहुणे गप्पांत रंगले असताना ती उठून खोलीत गेली. लग्नात खुर्चीवर बसून राहिली. मंगलाष्टकांना उभी राहिली, तेव्हा थरथरत्या मुठीतून तिच्या अक्षता जागच्या जागीच गळत होत्या. वरपक्षाच्या बायकांत कुजबुज झाली की मुलीच्या आईला हौस म्हणून नाही. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, मी ते गिळलं. नव्या नवरीला तेवढं गिळावं लागतं.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले. मामी रडली, शेजारची काकी हुंदके देत होती, बाबांना तर धरून ठेवावं लागलं. आई रडली नाही. तिनं माझी ओटी भरली, पदर सारखा केला. "बघा बाई, दगड आहे," असं कोणीतरी म्हणालेलं मला ऐकू आलं, म्हणजे तिलाही आलं असणार. मी तिला मिठी मारली तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "आज नाही गं. आज सुरू झालं तर ते तुझ्यासाठीचं रडणं आहे की आजाराचं, मला कळणार नाही. तू जा."

मी गेले. पुण्याला पोचल्यावर आठवड्यानं बूथवरून फोन लावला. आईच्या शेजारच्यांकडे फोन होता, तिला बोलवायला त्यांची मुलगी धावत गेली. आईनं आधी पाणी वेळेवर येतं का विचारलं, मग सासूबाईंची तब्येत. आवाज नेहमीसारखाच, सपाट. मी विचारलं, "तू बरी आहेस ना?"

"हो. काल दवाखान्यात जाऊन आले. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मुलगी सासरी गेल्यावर किती दिवस रडलेलं चालतं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. बूथवाला काचेतून माझ्याकडे बघत होता.

"त्या म्हणाल्या, सगळ्या आया रडतात, तुम्हीपण रडा. झोप मात्र वेळेवर घ्या," आई सांगत होती. "म्हणून मग काल दुपारी रडले. आजही थोडं रडणार आहे."